मागचं कायमचं वजन

गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा निवडणं सोपं असतं. पुढं इंजिन असतं, आणि इंजिन म्हणजे सरकारी नोकरीतला माणूस: रोज त्याच जागेवर, तेवढाच भार टाकून बसलेला. ते दिवाळीत फुगत नाही, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणत नाही आणि गाडी सुरू झाल्यावर ‘थांबा, मी पण येते, कडेला बसेन’ असं म्हणत नाही. त्याच्या खालच्या स्प्रिंगला जन्मभर एकच गणित सोडवायचं असतं.

मागच्या स्प्रिंगचं नशीब वेगळं. सकाळी तिच्यावर नुसती स्टेपनी असते. दुपारी आत्या असतात. संध्याकाळी आत्या, त्यांच्या जाऊबाई आणि दोघींनी मिळून आणलेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असतो. रात्री पुन्हा स्टेपनी. एवढ्या उलथापालथीत गाडीचा मागचा भाग रिकामा असताना उड्या मारणार नाही आणि भरल्यावर बूड टेकणार नाही, अशी एकच स्प्रिंग आपल्याला हवी असते. म्हणून ‘मागच्या स्प्रिंगा कुठल्या टाकू?’ असं विचारणाऱ्या माणसाला गाडीतलं फार कळत नसलं तरी चालतं, घरातलं कळलं पाहिजे.

आमच्या दाजींना गाडीतलं सगळं कळतं.

दाजींचं कराडजवळ कृषी सेवा केंद्र आहे. तिथं खत, बियाणं, औषधं आणि न मागितलेला सल्ला एकाच काउंटरवर मिळतो. 2020 च्या ऑक्टोबरात थारचं नवं मॉडेल आलं आणि दाजींनी ते घेतलं. घराण्याला जीप नवी नव्हती. महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तिच्या वंशातली एक आबांकडं, म्हणजे दाजींच्या वडिलांकडं, होती. ती अजूनही गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे आणि तिच्या बॉनेटवर कोंबड्यांची वहिवाट लागलेली आहे.

त्या जीपला स्प्रिंगा नव्हत्या, पाटे होते. पाट्यांची रचना कुणालाही बघून कळते. सगळ्यात वर मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, डोळ्यांत बुश. त्याखाली एकाहून एक आखूड पाटे, मधोमध एक बोल्ट आणि सगळ्यांना ॲक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट. पाटे भार घेतात, ॲक्सल जागेवर धरून ठेवतात आणि एकमेकांवर घासून उसळी थोडीफार शोषतातही. एका पगारात तीन कामं. घासण्याचा आवाज वाढला की मिस्त्री इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ब्रशनं लावायचा. पाटे बसले, की महामार्गालगतच्या कमानपाट्याच्या दुकानात ते उतरवून, तापवून, ठोकून पुन्हा कमान द्यायची. आणि भार वाढला तर आणखी एक पाटा वाढवायचा. आबांच्या जीपचा मागचा पाट्यांचा जुडगा बघून घराण्याचा इतिहास सांगता येतो. ‘हा थोरल्याच्या बारशाला टाकला,’ आबा काठीनं दाखवतात, ‘हा धाकटीच्या येळंला. आन हा हिच्या बहिणी ऱ्हायला आल्या तवा.’

2010 साली आलेल्या पहिल्या थारलासुद्धा मागं पाटेच होते. 2020 च्या थारनं ते सोडून गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या. ही स्प्रिंग आरामाला उत्तम, पण स्वभावानं एककल्ली. ती फक्त भार घेते. ॲक्सल धरायला वेगळे रॉड लागतात, उसळी शोषायला वेगळे शॉकअप. आणि माणसं वाढली म्हणून तिला एक वेटोळं वाढवून मिळत नाही. बदलायची तर अख्खी बदलायची. कुठली, ते आधी ठरवून.

आता दाजींना स्प्रिंग बदलावीशी का वाटली, तर ‘गाडी मागनं बसतीय’ म्हणून. हे त्यांना एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्यानं सांगितलं होतं. गाडी मागून बसली हे लक्षात येण्याचे शास्त्रशुद्ध मार्गही आहेत. मागचं बूड खाली गेलं की तोंड वर होतं, हेडलाइट आभाळ शोधू लागतात आणि रात्री घाटात समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारून आपल्या घराण्याची चौकशी करतो. चढ उतरून सपाटीला लागताना गाडीचं बूड जमिनीला न घासता किती उतार झेपतो, त्याचा कंपनीनं दिलेला कोन थारसाठी 36.8 अंश आहे. पण तो कंपनीच्या गाडीचा कोन. मागच्या सीटवर आत्या बसल्यावरचा कोन कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं सांगितला: भार जितका, दबणं तितकं. भार दुप्पट, तर दबणंही दुप्पट. सांगितला म्हणजे आधी लपवला. 1676 साली त्यानं नियमाच्या लॅटिन वाक्यातली अक्षरं अकारविल्हे लावून नुसती छापून टाकली. शोध आपल्या नावावर लागावा आणि दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळू नये, अशी दुहेरी सोय. उलगडा केला तो 1678 मध्ये. एक माणूस स्प्रिंगबद्दलचं ज्ञान पोटात ठेवून दोन वर्षं गप्प बसला, ही गोष्ट मी कराडात सांगितली तेव्हा कुणाचाही विश्वास बसला नाही.

कारण तिथं दाजींनी तोंड उघडायच्या आत सल्ले सुरू झाले होते. एकानं सांगितलं, दोन इंच उचलून घ्या, रुबाब येतो. दुसरा म्हणाला, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवा, हजारात काम. तिसऱ्यानं हवेचे फुगे सुचवले. चौथ्याच्या चुलत भावानं खालचं एक वेटोळं गॅसकटरनं उडवलं होतं आणि त्याची गाडी ‘लय भारी’ चालत होती. ती खाली तर आलीच, वर अधिक कडक झाली होती, कारण वेटोळी कमी तेवढी स्प्रिंग ताठ. पण चुलत भावाच्या गाडीबद्दल चारचौघांत असं बोलायचं नसतं.

या सगळ्या सल्ल्यांत एक घोळ कायम असतो. स्प्रिंगची उंची आणि स्प्रिंगचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच स्प्रिंग नरम असू शकते, बुटकी स्प्रिंग दगड असू शकते. गाडी उभी असताना किती वर दिसते, हे उंचीचं काम. भार पडल्यावर किती खाली जाते, हे कडकपणाचं. माणसं मागतात उंची, पैसे देतात उंचीचे आणि घरी घेऊन येतात कडकपणा.

कडकपणाचा हिशेबही भोळाभाबडा नाही. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे 14 मिलिमीटरची तार 15 केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग 32 टक्के कडक होते. 16 केली तर 71 टक्के. दाजींची दुकानदारी शेतकऱ्यांशी. ‘एकरी एक पोतं पुरतं, तर दोन टाकू’ ही वृत्ती त्यांनी आयुष्यभर काउंटरच्या अलीकडून पाहिलेली आणि ‘पिकाला जळवाल’ म्हणून ओरडलेली. तेच दाजी स्प्रिंगच्या बाबतीत म्हणाले, ‘एक मिलिमीटर जास्तच असू द्या की. कमी पडण्यापेक्षा बरं.’

जास्त म्हणजे बरं असं स्प्रिंगच्या बाबतीत होत नाही. गाडीच्या वजनानं स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एक झोका खाते. 6 सेंटिमीटरच दबत असेल तर दोन. सेकंदाला एक ते दीड झोक्यापर्यंत माणूस डुलकी काढतो. दोनच्या पुढं तो उतरून चालत येण्याची भाषा करतो. डोंगरातल्या वाटेवर तर कडक स्प्रिंग आणखी एक खोडी करते. एक मागचं चाक दगडावर चढलं की दुसऱ्यानं खड्ड्यात उतरून जमीन धरायला हवी. कडक स्प्रिंग ते उतरू देत नाही. चाक हवेत लोंबकळतं, आणि साध्या डिफरन्शियलचा न्याय असा की ज्या चाकाखाली जमीन नाही त्यालाच तो जोरात फिरवतो. आपण खडकावर, चाक हवेत, गाडी जागेवर आणि मागच्या सीटवरून ‘मी म्हणत होते’ सुरू.

ऑस्ट्रेलियात हा धंदा शिस्तीनं चालतो. तिकडं माणसं शेकडो किलोमीटर निर्मनुष्य मुलखात गाडी घालतात, जादा डिझेलची टाकी, पाणी, तंबू, फ्रीज असं घरच मागं बांधतात. त्यामुळं ओल्ड मॅन इमूसारख्या तिथल्या नाममुद्रेकडं एकाच गाडीसाठी मागच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या मिळतात: मागं काही नसेल तर ही, मध्यम सामान असेल तर ती, कायम जड असेल तर तिसरी. गाडी किती उंच करायची हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, मागं कायम किती वजन असतं?

त्यांच्या यादीतला ‘कायम’ हा शब्द वाचून दाजी हरखले. त्यांनी खताच्या कंपनीच्या डायरीत यादी केली. छतावरचा तंबू. 20 लिटरचे डिझेलचे दोन कॅन. पाण्याचा एक. फ्रीज. वाळूतून गाडी काढायच्या फळ्या. विंच.

‘विंच पुढं असते, दाजी.’

‘असू द्या, पाव्हणं. लडाखला लागतं सगळं.’

‘लडाखला कधी निघालाय?’

‘स्प्रिंगा बसल्या की.’

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती डायरी तिनं घेतली आणि मागच्या पानावर दुसरी यादी केली. पालच्या खंडोबाला जाताना पाच माणसं आणि नारळ. जोतिबाला सहा माणसं आणि नारळ. पुण्याला आईकडं जाताना जोंधळ्याचं पोतं, येताना आईनं परत दिलेले रिकामे डबे आणि त्यात भरलेलं काहीबाही. दुकानातली औषधांची खोकी. पोराची सायकल. थारमध्ये कागदोपत्री चार माणसं बसतात, हे तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

दाजींनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, ‘आता हे मोजूनच बघायला लागंल.’

मोजण्याची पद्धत तशी सोपी आहे. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं. गाडीत ठाऊक असलेलं वजन बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. समजा 180 किलो टाकल्यावर गाडी 3 सेंटिमीटर खाली आली, तर दोन स्प्रिंगा मिळून सेंटिमीटरला 60 किलो घेतात, म्हणजे एकेकटी 30. झालं. हूकला जे लपवायला दोन वर्षं लागली ते पाच मिनिटांत हाती येतं. अडचण ठाऊक असलेलं वजन कुठून आणायचं एवढीच असते, आणि दाजींना तीही नव्हती. युरियाचं पोतं 45 किलोचं. ‘2018 पर्यंत 50 चं होतं,’ ते हळहळले, ‘तवा हिशेब सोपा होता.’ तरी चार पोती म्हणजे 180.

दिवस पावसाळ्याचे. उगवण झालेली, पाऊस समाधानकारक, सगळ्यांना युरिया एकदमच हवा होता, आणि दुकानांवर रांगा होत्या. अशा दिवसांत, दिवेलागणीला, दुकानाच्या मागच्या अंगणात, कृषी सेवा केंद्राचा मालक आपल्या खासगी काळ्या गाडीत युरियाची पोती भरून घेतोय आणि त्याचा मेहुणा शेजारी टेप घेऊन वाकून काहीतरी कुजबुजतोय, हे दृश्य बांधावरून तिघांनी पाहिलं.

मी आकडा सांगत होतो. दाजी डायरीत लिहीत होते. हमालानं पोतं थोडं मागं, दाराजवळ ठेवलं, तेव्हा दाजी गरजले, ‘तिथं न्हाय, ॲक्सलवर!’ बरोबरच होतं त्यांचं. वजन ॲक्सलच्या मागं गेलं की तरफ होते. थारच्या दोन ॲक्सलांमधलं अंतर 2450 मिलिमीटर. मागच्या ॲक्सलच्या 90 सेंटिमीटर मागं 40 किलो लटकवलं तर मागच्या चाकांवर 40 नव्हे, जवळजवळ 55 किलो येतात, आणि जादा 15 पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. म्हणून मागच्या दारावर जड स्टेपनी, वर कॅन, वर कुदळ-फावडं लटकवणाऱ्यांचं स्टिअरिंग हलकं लागतं आणि त्यांना वाटतं, गाडी फुलासारखी वळते.

हे तत्त्व मी समजावत असताना कुंपणापाशी माणसं वाढत होती.

‘शेठ, कुठं चाललाय माल?’

‘कुठं न्हाय. स्प्रिंग मोजतोय.’

या उत्तरानं शंका पक्की झाली. सरळ माणूस ‘सांगलीला चाललाय’ म्हणाला असता. अर्ध्या तासात दाजी युरिया रात्रीतून बाहेर काढतात हे गावभर झालं. तासाभरात एका साहेबांचा फोन आला. घेणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय युरिया विकता येत नाही, साठ्याचं पोतं न् पोतं यंत्रात दिसतं, आणि तुमची चार पोती गाडीत कशी, असं त्यांनी विचारलं. दाजींनी साहेबांना हूकचा नियम सांगायला सुरुवात केली. साहेबांनी फोन ठेवला आणि स्वतः आले. पोती मोजली, गोदामात ठेवायला लावली आणि जाताना वाकून मागची स्प्रिंग पाहत म्हणाले, ‘माझ्या गाडीला मी रबरी बफर टाकलेत. हजारात काम.’

आकडे मात्र मिळाले होते. स्प्रिंगचा कडकपणा कळला. राहिलं ते कायमचं वजन. त्यावर दोघांचं एकमत होईना. दाजींच्या यादीनं मागं फार वजन होत होतं आणि ताईच्या यादीनं त्याहून थोडंच कमी, पण दाजी म्हणायचे, नारळ हे कायमचं वजन न्हवं, येताना प्रसादाला अर्धे संपतात. या वादात सणवार गेले, दिवाळी गेली आणि गळीत हंगाम सुरू झाला. मग काट्यावर जाऊन सोक्षमोक्ष लावायचं ठरलं.

साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा वजनकाटा हंगामात बघावा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं, आणि प्रत्येकाच्या मनात काट्याबद्दल एकच संशय. त्या रांगेत आमची थार घुसली. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाहिलं. ‘मालक, ऊस डिकीत हाय काय?’

आम्हाला फक्त मागच्या ॲक्सलचं वजन हवं होतं. त्यासाठी पुढची चाकं काट्याच्या पलीकडं सपाट जमिनीवर आणि मागची काट्यावर ठेवायची. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

‘अख्खी चढवा की गाडी.’

‘मागच्याच भागाचं करायचंय.’

‘का? अर्धी इकायचीय?’

पहिली पावती रिकाम्या गाडीची. दुसरी माणसं बसवून. इथं ताईच्या ध्यानात आलं की दुसऱ्या पावतीतून पहिली वजा केली की उत्तर छापील मिळतं. ती उतरली. आत्याही उतरल्या. आत्यांच्या जाऊबाई मुळात चढल्याच नव्हत्या.

‘अहो, मी एकटी बसले की माझं वजन कळणार सगळ्या रांगेला.’

‘मग सगळ्याजणी एकदम बसा. कुणाचं किती, कुणाला कळणार?’

‘आपसात कळणार,’ आत्या म्हणाल्या.

शेवटी काटेवाल्यानं तोड काढली. हा काटा ट्रकांचा, 10 किलोच्या पटीत दाखवतो, तेव्हा पाच किलो इकडं तिकडं त्याला दिसतच नाही, असं त्यानं जाहीर केलं. तिघींनाही आपापले पाच किलो सुटल्यासारखं वाटलं आणि त्या बसल्या. पावती निघाली. ती दाजींच्या हातात पडायच्या आत दोन ऊसवाल्यांनी वाचली. ‘काटा बरोबर हाय का पर?’ एकानं विचारलं. त्यावर रांगेत चर्चा पेटली आणि आमच्या मागच्या ॲक्सलचं वजन हा परिसरातल्या काट्यांच्या खरेपणाचा पुरावा होऊन बसला. सगळ्यांना माणसांच्या वजनाचा फरक कमी वाटला. तिघींना जास्त वाटला. त्यावरून काटा बरोबर असावा.

पण खरी गंमत पहिल्या पावतीत होती. रिकामी गाडी हिशेबापेक्षा जड भरत होती. दाजींनी मागची चटई उचलली. सीटच्या मागं, गोणपाटात गुंडाळलेली, विहिरीवरची पाच एचपीची जळालेली मोटार निघाली. उन्हाळ्यात रिवाइंडिंगला टाकायची म्हणून गाडीत ठेवलेली. तेव्हापासून ती पालच्या खंडोबाला जाऊन आली होती, जोतिबाला जाऊन आली होती, पुण्याला आईच्या दारात मुक्काम करून आली होती. गाडी मागून बसत होती ती मुळात हिच्यामुळं.

‘मोटार उतरवा, झालं,’ मी म्हटलं. ‘स्प्रिंग ठणठणीत आहे.’

यावर दाजी जे बोलले ते ऑस्ट्रेलियाच्या यादीत छापायला हवं. ते म्हणाले, ‘पाव्हणं, मोटार उतरवली तर पुढच्या आठवड्यात पंप असंल. पंप उतरवला तर कुणाच्या लग्नातली घंगाळी असतील. वस्तू बदलतील, वजन तेवढंच राहील. हेच कायमचं वजन. लिहून घ्या.’

लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. स्प्रिंग निवडताना माणसं लडाखचं वजन सांगतात आणि रोज मोटारीचं वजन वाहतात. तंबू वर्षातून एकदा चढतो. मोटार, पंप, घंगाळी यांचा मुक्काम हलत नाही. लडाखच्या स्प्रिंगा घालून बाजारात गेलं तर वर्षभर गाडी उड्या मारणार, आणि लडाख आलं तर तेवढे आठ दिवस गाडी थोडी बसेल, एवढंच. बसू दे. लडाखला कुणी हिशेब विचारणार नाही. घरी रोज विचारतात.

पुण्यात एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं नेहमीप्रमाणं विचारलं, ‘किती इंच लिफ्ट?’ दाजींनी उत्तरादाखल वजनकाट्याच्या पावत्या काढून ठेवल्या. तो माणूस त्या हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, गिऱ्हाइकं फोटो आणतात, परदेशातल्या गाड्यांचे. पावती पहिलीच. मग तो जरा सरळ बोलू लागला. नुसती उंची वाढवायची तर गोष्ट स्प्रिंगवर थांबत नाही. शॉकअप लांब लागतात. ब्रेकची नळी पुरते का ते बघावं लागतं. ॲक्सल आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड असेल तर गाडी उचलल्यावर ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो, म्हणजे तो रॉडही नवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाबाहेर गाडी बदलू देत नाही, हे त्यानं अगदी हळू सांगितलं. त्या आवाजात दुकानात दुसरं काही सांगत नसावेत.

त्यानं काढून दिलेली स्प्रिंग कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा किंचित कडक होती. तिची एका टोकाची वेटोळी जवळजवळ होती आणि दुसऱ्या टोकाची विरळ. हलक्या भाराला जवळची वेटोळी आधी दबतात आणि एकमेकींना टेकून गप्प बसतात. पुढचा भार विरळ वेटोळ्यांवर येतो आणि स्प्रिंग आपोआप कडक होते. म्हणजे स्टेपनी असताना नरम, आत्या आल्या की ताठ. असं वागणं घरातल्या माणसांनाही जमत नाही. हूकच्या सरळ हिशेबाला मात्र ती स्प्रिंग जुमानत नाही. दाजींनी ती हातात घेऊन फिरवली. रंग काळा होता.

‘पिवळ्या न्हाईत?’

‘पिवळ्या आहेत. लडाखच्या.’

दाजींनी काळ्या घेतल्या, पण चेहरा पडला तो पडलाच.

परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं गाडी सुखानं ओलांडते. दाजींच्या गावाच्या वेशीवरचा गतिरोधक एका अपघातानंतर ग्रामस्थांनी रागाच्या भरात रातोरात बांधला होता आणि तो रागाच्याच मापाचा होता. कंपनीच्या स्प्रिंगांवर, भरलेल्या गाडीनं तो ओलांडताना रबरी गुटक्यावर ॲक्सल आदळून ‘धाड’ असा आवाज यायचा आणि त्या आवाजानं घरी कळायचं की गाडी आली, भाकरी टाका. त्या दिवशी मागं ताई, आत्या, पोरगा आणि ताकानं भरलेली बरणी होती. गाडी वर गेली, खाली आली. धाड नाही. ताक बरणीतच. दाजींनी श्वास रोखून आरशातून मागं पाहिलं.

‘काय? कळला का फरक?’

‘कशाचा?’ ताईनं विचारलं. ‘गतिरोधक काढला वाटतं त्यांनी.’

चांगल्या स्प्रिंगला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही, हे मी दाजींना परोपरीनं सांगितलं. उत्तम स्प्रिंग जाणवत नाही, जाणवते ती चुकलेली. त्यांना पटलं, पण पचलं नाही. एवढे पैसे घातले आणि गावात कुणाला कळलंसुद्धा नाही, गाडी उंच नाही, स्प्रिंग पिवळी नाही, आवाज होता तोही गेला. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या काचेवर स्प्रिंगच्या कंपनीचं भलंमोठं स्टिकर लावून घेतलं, लाल अक्षरांत. त्या गाडीच्या मागच्या बाजूला वजन नसलेली तेवढी एकच वस्तू आहे.